इंजिन जोडून देतो म्हणाला आणि आतली चॅसीच बदलली

मॉडेल रेल्वेचं इंजिन कुणाकडून जोडून घेणार असाल, तर आधी माझं ऐका. दहा हजार गेले ते गेलेच, पण हातचं चांगलं इंजिन गेलं याचं दुःख जास्त आहे.

माझे वडील भुसावळला रेल्वेत फायरमन होते. गोळीसारख्या नाकाची, पुढे चांदणी लावलेली डब्ल्यूपी, म्हणजे वाफेवरचं एक जुनं इंजिन, त्यांच्या बोलण्यात कायम असायची. १९४७ साली अमेरिकेतून पहिली डब्ल्यूपी आली. तिचं तयार मॉडेल मला परवडेल असं मिळेना, म्हणून जोडकाम करून घ्यायचं ठरवलं. तिची चाकं ४-६-२, म्हणजे पुढे चार लहान, मधे सहा मोठी, मागे दोन, आणि त्याच रचनेचं एचओ या मापाचं परदेशी इंजिन माझ्याकडे होतं, मेव्हण्याने आणलेलं. चॅसी (चाकांसकट खालचा सांगाडा) आणि मोटर माझी, वरची बॉडी रेझिनची, टेंडर (मागे जोडलेला कोळसा-पाण्याचा डबा) जोडणाऱ्याकडच्या दुसऱ्या मॉडेलचं. नेरुळच्या एका ओळखीच्या ओळखीतल्या माणसाने अठरा हजार सांगितले. दहा हजार यूपीआयने आगाऊ दिले आणि इंजिन त्याच्या हातात ठेवलं. फोटो काढला नाही, कागदावर काही लिहून घेतलं नाही.

तीन महिन्यांनी वाशी स्टेशनवर खोका मिळाला. काळा रंग, चकचकीत चांदणी, बघून मन भरून आलं. ठाण्याला घरी येऊन रुळावर ठेवलं तर हातभर चालून थांबलं. वळणावर टेंडर घसरलं.

टेंडर इंजिनापेक्षा उंच दिसत होतं. ते डबल ओचं निघालं. डबल ओ म्हणजे १:७६, खऱ्यापेक्षा ७६ पट लहान; एचओ म्हणजे १:८७. दोन्ही १६.५ मिलिमीटरच्याच रुळावर चालतात, त्यामुळे नुसतं रुळावर ठेवून फरक कळत नाही. पण डबल ओची वस्तू साधारण एक सप्तमांश मोठी असते, ती शेजारी लावली की डोळ्यांना खटकते.

मग इंजिन उलटं केलं. तळाच्या प्लेटचा एक स्क्रू हरवल्यावर मी स्वतः त्या जागी पितळी बसवला होता. इथे चारही स्टीलचे, त्यातल्या दोनांना गंज. खऱ्या डब्ल्यूपीचं मोठं चाक १७०२ मिलिमीटरचं, ८७ ने भागलं की साडेएकोणीस. माझी चाकं त्याच्या अगदी जवळची होती, म्हणून तर ते इंजिन निवडलं होतं. आता व्हर्नियर लावला तर सतरा. आत चाल एकसारखी ठेवणारं फ्लायव्हील नाही, मोटरही हलकी. चॅसी माझी नव्हतीच.

फोन केला तर म्हणाला, "काका, जोडकामात मागेपुढे होतंच." दुसऱ्या दिवसापासून फोन लागला नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

तुम्ही इंजिन द्याल तेव्हा त्याच्यासमोर तळाचे, मोटरचे फोटो काढा, चाकांचं माप लिहा, त्यावर त्याची सही घ्या. रंग लावण्याआधी नुसती चॅसी रुळावर चालवून दाखवायला सांगा. रंग लागल्यावर आतलं उघडून बघायला आपलाच जीव धजत नाही, आणि त्याला तेच हवं असतं. टेंडर कुठल्या मापाचं आहे तेही तोंडी नको, लेखी घ्या.

तळाच्या प्लेटला तीन स्टीलचे आणि उजवीकडे मागे एक पितळी स्क्रू असलेली ४-६-२ एचओ चॅसी कुणी विकायला काढलेली दिसली, तर घेऊ नका आणि मला कळवा.