ब्लॅक सॅबथची पहिली रेकॉर्ड: पाऊस कुठला, खरखर कुठली?

ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडची पहिली रेकॉर्ड (१९७०) विनाइलवर घेऊन आता बरेच महिने झाले. बर्मिंगहॅम, पत्र्याच्या कारखान्यात गेलेली गिटारवादक टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं, हे सगळं तुम्हाला पाठ असणार. मला पावसाबद्दल बोलायचंय.

पहिलं गाणं पावसाने सुरू होतं. पाऊस, लांबून चर्चची घंटा, गडगडाट आणि मग ती तीन सुरांची रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारी गिटारची ओळ. हे आवाज नंतर चढवलेले आहेत. परिणाम जबरदस्त, वाद नाही. पण नवी कोरी रेकॉर्ड खरखरते का, हे तपासायला याच्याइतका दगाबाज आवाज दुसरा नसेल. माझ्या प्रतीत सुरुवातीपासून टकटक होती. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, "सर, तो पाऊस आहे, ओरिजिनल रेकॉर्डिंगमध्येच आहे." अहो, पाऊस ठेका धरून पडतो का? टकटक दर १.८ सेकंदाला, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने तबकडीच्या एकेका फेऱ्याला एकदा. पाऊस विरून ऑझी गायला लागला तरी ती चालूच! व्हिडिओ पाठवले, वाद घातला, शेवटी बदलून मिळाली. परतीचं कुरियर मात्र माझ्याच खिशातून. तो राग अजून गेलेला नाही.

दुसरी प्रत स्वच्छ आहे, त्यामुळे आता संगीताबद्दल.

सुरुवातीला माझं मत असं होतं की डूम, म्हणजे संथ, जड मेटल म्हणून घ्याल तर हाती पहिल्या गाण्याची सहा मिनिटं वीस सेकंद लागतात, बाकी सगळा ब्लूजचा पसारा. यातला पहिला भाग अजूनही मागे घेत नाही. 'द विझर्ड' माउथ ऑर्गनवर चालतं, त्यात कसला आलाय डूम! पण पसारा हा शब्द मागे घेतो. १६ ऑक्टोबर १९६९ला लंडनच्या रीजंट साउंडमध्ये यांनी जवळजवळ सगळं एका दिवसात, एकत्र वाजवून उरकलं. त्याचा फायदा 'वॉर्निंग'मध्ये कळतो. आयोमी लांबलचक सोलोत शिरला की खाली आधाराला दुसरी गिटार नाही. गीझर बटलरचा बेस आणि बिल वॉर्डचे ड्रम्स, एवढंच. पहिले काही आठवडे मी इथे सुई उचलायचो. हल्ली रेकॉर्ड लावतो ती बरेचदा याच गाण्यासाठी, आणि कान गिटारपेक्षा वॉर्डकडे जास्त असतात. तो जॅझवाल्यासारखा वाजवतो. ठोका जरा मागे ठेवतो, म्हणून संथ जागा रटाळ होत नाहीत.

आणखी एक. सॅबथच्या आवाजाचं वजन खालच्या सुरात उतरवलेल्या तारांमुळे, असं सर्रास ऐकू येतं. तारा उतरवल्या त्या तिसऱ्या रेकॉर्डपासून. इथे ट्यूनिंग साधंच आहे. वजन येतं ते वेगातून आणि दोन सुरांमध्ये सोडलेल्या जागेतून. शिवाय रेकॉर्डिंगच्या वेळी आयोमीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) बिघडला आणि जवळ होती ती गिब्सन एसजी गिटार घ्यावी लागली. पुढे तीच त्याची ओळख झाली.

कव्हरबद्दल तक्रार नाही. ऑक्सफर्डशरमधली मेपलडरमची पाणचक्की मोठ्या आकारात बघायला मिळते, तेवढे पैसे वसूल.

घेण्याआधी मात्र गाण्यांची यादी बघा. ब्रिटिश आवृत्तीत दुसरी बाजू 'इव्हिल वुमन'ने सुरू होते. ते क्रो या अमेरिकन बँडचं गाणं, सिंगल खपावं म्हणून यांच्या गळ्यात मारलेलं. त्याच सिंगलच्या मागच्या बाजूला यांचं स्वतःचं 'विकेड वर्ल्ड' होतं, कितीतरी सरस, आणि ते अमेरिकन आवृत्तीत आहे. भाव सारखाच असेल तर अमेरिकन घ्या. माझी ब्रिटिश आहे, पण पुन्हा कुरियरचा खर्च करायची माझी तयारी नाही.