थामेलची नारिंगी बॅग, एव्हरेस्ट बेस कॅम्पपर्यंत

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकसाठी डोंबिवलीहून काठमांडूला मी चाकांची बॅग घेऊन गेले. आयुष्यभर राजमाची नि हरिश्चंद्रगड स्वतःच्या पाठीवर सॅक मारून केलेले. सामान दुसरं कुणी उचलणार म्हटल्यावर डोक्यात थेट यात्रा कंपनीची सहल आली. हॉटेलात गाइडने ती उचलली, मला रिकामी करायला लावली आणि पुन्हा उचलून माझ्या हातात दिली. नुसती बॅगच चार किलो! शिवाय चाकं आणि आतल्या सळ्या भरियाच्या मणक्यात रुतणार. भरिया म्हणजे तिथले ओझं वाहणारे. ती बॅग हॉटेलच्या स्टोअररूममध्ये टाकली आणि आम्ही नवराबायको थामेलच्या, म्हणजे काठमांडूतल्या ट्रेकच्या सामानाच्या बाजाराच्या, गल्लीत शिरलो.

तिथे घेतलेली ही डफल, म्हणजे बिनचाकांची मऊ, लांबुळकी बॅग. ८० लिटरची, ताडपत्रीसारख्या जाड कापडाची. वर नामांकित कंपनीचं नाव, अर्थात नावापुरतंच. घासाघीस करून ३,२०० नेपाळी रुपये, म्हणजे आपले दोन हजार. वजन दीड किलोच्या आत. रंग भडक नारिंगी, नवऱ्याने नाक मुरडलं. पण संध्याकाळी लॉजच्या ओसरीवर वीस काळ्या बॅगांचा ढीग पडलेला असायचा, त्यात त्याची शोधावी लागे, माझी लांबूनच दिसे.

८० लिटर मात्र घेऊ नका, ६० पुरतात. ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाच्या विमानात १० किलो सामानात आणि ५ किलो हातात, एवढीच मुभा. आणि मोकळी जागा दिसली की माझा हात शिवशिवतो. ऑक्टोबरच्या गर्दीत आमचं विमान काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथलीहून होतं. तिथल्या काट्यावर बॅग साडेबारा भरली. मग पिसांचं जॅकेट अंगात, खिशांत शेंगदाण्याची चटणी, चार्जर आणि मोज्यांचे तीन जोड. मंथलीच्या उकाड्यात घामाने निथळत मी विमानात चढले. लुक्लाला उतरल्यावर ते सगळं गुपचूप परत डफलमध्ये कोंबलं. वीस मिनिटांनी आमच्या भरियाने दोन्ही बॅगा एकावर एक ठेवून दोरीने आवळल्या, वर स्वतःची शाळेच्या दप्तराएवढी पिशवी अडकवली, नाम्लोचा पट्टा कपाळावर घेतला आणि उठला. विशीतला पोरगा, माझ्या मुलापेक्षा लहान. मानेच्या शिरा ताठ झालेल्या मी पाहिल्या. भरियांच्या हक्कांसाठी झटणारे नेपाळसाठी ३० किलोची मर्यादा सांगतात. त्याच्या पाठीवर ती नक्कीच ओलांडलेली नव्हती, तरी ती चटणी मला दिवसभर आठवत राहिली. वाटेतल्या नामचे गावात शाम्पू, जीन्स, जाडजूड कादंबरी आणि अर्धा किलो चिवडा एका पिशवीत बांधून लॉजवाल्या दिदींकडे ठेवला. परतताना घेतला. चिवडा सादळला होता.

बॅगेला खांद्याचे पट्टे आहेत. दुकानदाराने त्यांचं फार कौतुक केलं होतं, पण नाम्लोवर वाहताना त्यांचा काही उपयोग नसतो. उलट लोंबकळतात, म्हणून गाइडने ते काढून आत टाकायला सांगितले. मऊ बॅग पाठीला धरून बसते, हाच तिचा खरा गुण. कापडातून पाणी आलं नाही, शिवणीतून आलं. पण आत कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या लावल्या होत्या, त्यामुळे कपडे कोरडे राहिले. फक्त पहाटे चार वाजता त्यांची चुरचुर अख्ख्या लॉजला ऐकू जाते.

एक चूक बॅगेची नाही, माझी. भरिया सकाळी निघाला की बॅग थेट मुक्कामालाच भेटते. नामचेच्या चढावर दुपारी ढग उतरले, भुरभुर सुरू झाली आणि माझा रेनकोट डफलमध्ये, दीड तास पुढे. रेनकोट, औषधं, बॅटरी, पैसे, एक गरम थर हे पाठीवरच्या छोट्या सॅकमध्येच हवं.

बॅगेचा खरा दोष म्हणजे चेन. लोबुचेला, ४,९०० मीटरच्या आसपास, थंडीने बधिर बोटांनी ओढताना रनर सुटला आणि दात उघडे पडले. पुढे गोरक्षेपपर्यंत, म्हणजे बेस कॅम्पआधीच्या शेवटच्या मुक्कामापर्यंत, आणि तिथून परत लुक्लापर्यंत बॅग दोरीने बांधलेलीच होती, आमच्या भरियाच्या दोरीने. घेताना चेन दहा वेळा उघडझाप करून बघा आणि रनरला जाड नाडी बांधा, हातमोज्यातून धरता येते.

डोंबिवलीत स्टेशनबाहेरच्या चेनवाल्याने साठ रुपयांत नवा रनर बसवला. म्हणाला, कापड चांगलंय, चेन भंगार.