एक लाख वीस हजार दिले आणि पक्षी लांब गेले

गेल्या डिसेंबरात मी एक वापरलेला कॅमेरा घेतला आणि फसले. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. तडजोडीच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्यात आणि मला पुन्हा त्या वाटेला जायचं नाही. पण सिंहस्थ तोंडावर आलाय, नाशकात जो तो कॅमेरा शोधतोय. माझ्याच शाळेतल्या तिघांनी या महिन्यात मला विचारलं, "मॅडम, तुम्ही फोटो काढता ना, सगळ्यात बेस्ट कॅमेरा कोणता?" हाच प्रश्न मी विचारला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सिडकोतल्या एका शाळेत इतिहास शिकवते. हिवाळ्यातले माझे रविवार नांदूर मध्यमेश्वरला जातात. नाशिकपासून साधारण ४० किलोमीटर, गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा बंधारा, त्यामागे पसरलेलं उथळ पाणी. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. चापडगावच्या मनोऱ्यावर सकाळी सातला गेलात तर चक्रवाक, शेकाटे, जांभळ्या पाणकोंबड्या निवांत दिसतात. आणि दिसतात माणसांच्या गळ्यातले कॅमेरे. खरं सांगायचं तर मनोऱ्यावर पक्ष्यांइतकंच एकमेकांच्या लेन्सकडे बघणं चालतं. माझ्या गळ्यात कॅननचा २००डी आणि त्याच्यासोबत आलेली ५५-२५० लेन्स (हे आकडे मिलिमीटरचे; आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). त्या कॅमेऱ्यानं मला कधी काही कमी केलं नव्हतं. तरी बाजूला कुणी हाताएवढी पांढरी लेन्स काढली की मी माझी आपोआप पदराआड घ्यायचे.

तिथेच हा गृहस्थ भेटला. तिवई, खाकी टोपी, थर्मासमधला चहा सगळ्यांना वाटणारा. पक्ष्यांची मराठी नावं अचूक सांगायचा, त्यानं मी अर्धी विरघळलेच होते. वापरलेल्या कॅमेऱ्यांची देवघेव करतो, जुन्या नाशकात गाळा आहे, हे त्यानं दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत सहज सांगितलं. त्यानं मला काहीही विकायला काढलं नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. मीच विचारलं, "भाऊ, सगळ्यात भारी कॅमेरा कोणता हो?"

"फुल फ्रेम, मॅडम. त्याच्याखाली सगळी खेळणी. आणि फुल फ्रेममध्ये माझ्याकडे एक असा पीस आहे की घेतला की पुन्हा कॅमेऱ्याचं नाव काढणार नाही तुम्ही."

हे शेवटचं वाक्य तेवढं खरं ठरलं. (फुल फ्रेम म्हणजे ज्याचा सेन्सर, म्हणजे आत चित्र टिपणारा भाग, मोठा असतो असा कॅमेरा.)

कशाचे फोटो काढता, किती लांबून काढता, छापता की फोनवरच बघता, यातलं एक अक्षर त्यानं विचारलं नाही. गोळी कोणती चांगली असं विचारल्यावर दुखतंय कुठे हे न विचारता पुडी बांधून देणाऱ्याकडून आपण औषध घेत नाही. कॅमेरा घेतो.

गाळ्यात त्यानं काढून ठेवला तो कॅननचा फाइव्ह-डी मार्क थ्री आणि ७०-२०० ची एफ २.८, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी, लेन्स. कॅमेरा २०१२ सालचा, २२ मेगापिक्सेलचा. या मॉडेलला मी नावं ठेवणार नाही. कित्येक लग्नवाल्यांचे संसार त्यावर उभे राहिलेत. "डॉक्टरचा कॅमेरा, मॅडम. हौसेनं घेतला, कपाटातच राहिला." वर पुन्हा, "फाळक्यांच्या गावचे आपण, आपल्या हातात खेळणं शोभतं का?" दादासाहेब त्र्यंबकेश्वरचे, १९१२ साली लंडनहून त्यांनी आणलेला विल्यमसन कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवायचा होता, हे मी वर्गात सांगत असते. त्या खुर्चीत बसून मात्र मी नुसती मान डोलावली.

शटर, म्हणजे प्रत्येक फोटोला उघडझाप होणारा आतला पडदा, किती चाललंय, एवढं विचारायचं मला माहीत होतं. त्यानं लगेच एक फोटो काढला, मागच्या पडद्यावर फाइलचा नंबर दाखवला. ४३१२. "बघा, साडेचार हजारसुद्धा नाही झाले." मी खूश. हा फसवणुकीचा गाभा आहे, म्हणून थांबून सांगते: फाइलचा नंबर म्हणजे शटरची मोजणी नव्हे. नंबर ९९९९ पर्यंत जातो आणि पुन्हा १ पासून सुरू होतो. मेनूमध्ये जाऊन तो हवा तेव्हा नव्यानं सुरूही करता येतो. निकॉनच्या बहुतेक कॅमेऱ्यांत खरी मोजणी फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेली असते, संगणकावर दिसते. कॅननच्या या मॉडेलमध्ये ती फोटोत येत नाही. कॅमेरा केबलनं जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरनं वाचावी लागते.

पैसे दिले कसे, तेही सांगते, कारण पुढे सगळं त्यावरच अडलं. भिशीचे एक लाख नुकतेच लागले होते, वीस हजार घरातले. ५० हजार यूपीआयनं, तेही त्याच्या नव्हे, "भावाच्या" नंबरवर. उरलेले ७० हजार रोख. पावती मागितली तर वहीच्या पानावर "कॅमेरा व लेन्स, वापरलेले, पोहोचले" एवढंच. ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर, ना कॅमेऱ्याचा सीरियल नंबर. खोक्यावरचा नंबर आणि कॅमेऱ्याच्या तळावरचा नंबर वेगळे आहेत, हे मला घरी आल्यावर दिसलं. फोन केला तर म्हणाला, "खोकी बदलतात हो, त्यात काय."

पहिल्या रविवारी मनोऱ्यावर गेले. डोळा लावला आणि वाटलं, आज पक्षी फार आत बसलेत. शेकाट्या मुंगीएवढा. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी भाचा सोबत होता. तो लग्नाचे फोटो काढतो, घेण्याआधी त्याला विचारायचं मी टाळलं होतं, कारण तो नको म्हणाला असता. त्यानं कॅमेरा हातात घेऊन वजन केलं आणि म्हणाला, "मावशी, तू पैसे देऊन पक्षी लांब केलेस."

मग त्यानं कागदावर मांडून दाखवलं. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे चित्राची चौकट अरुंद. २५० च्या लेन्सला १.६ नं गुणा, ४०० चं काम होतं. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, तिथे २०० म्हणजे २००. पक्षी चौकटीत निम्म्या उंचीचा. आधीएवढा दिसावा म्हणून चारी बाजूंनी कापायचं, तर २२ मेगापिक्सेलपैकी जेमतेम साडेपाच हातात उरतात. जुना माझा २४ चा होता.

"मग हा वाईट कॅमेरा?"

"मला दे, हॉलमधल्या मिणमिणत्या उजेडात सप्तपदीला सोनं आहे. दोन कार्डं लागतात, एक बिघडलं तरी नवरीचे फोटो जात नाहीत. पण रंगपंचमीला रहाडीजवळ, त्या रंगाच्या हौदापाशी, नेशील हा? तिथे मी जुना मोबाइल पिशवीत घालून नेतो. रामकुंडावर पहाटे एवढी लेन्स काढली की लोक तोंड फिरवतात, तिथे खिशातला बरा. आणि तुझ्या पक्ष्यांना निकॉनचा डी५०० बघ, २०१६ चा, लहान सेन्सरचाच, सेकंदाला दहा फोटो. पक्षीवाले मुद्दाम तो घ्यायचे."

इथवरची चूक निम्मी माझीच होती. मी चुकीचा प्रश्न विचारला आणि त्यानं त्या प्रश्नाच्या मापाचा माल दिला. उरलेली निम्मी मात्र साधी, सरळ लबाडी निघाली. ती बाहेर आली संध्याकाळी, फोटो संगणकावर मोठे केल्यावर. पाण्याच्या गडद भागात वरून खालपर्यंत एक बारीक रंगीत रेघ. प्रत्येक फोटोत, त्याच जागी.

रविवार कारंज्याकडे एक जुने दुरुस्तीवाले आहेत, भाचा त्यांच्याकडे घेऊन गेला. त्यांनी रेघ बघितली आणि पहिलं वाक्य बोलले, "डीजेसमोर उभा राहिलेला आहे हा." वरातीतला लेझर थेट लेन्समध्ये शिरला की सेन्सर त्या जागी भाजतो. डॉक्टरच्या कपाटातला म्हणे! मग केबल जोडून त्यांनी शटरची मोजणी काढली: १ लाख ८१ हजार. या मॉडेलचं शटर दीड लाखांच्या हिशोबानं बनवलेलं. त्यापुढेही चालतं, उद्याही बंद पडू शकतं. लेन्समधून मोबाइलची बॅटरी आरपार मारली तर आतल्या भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद पिशवीत ठेवलेल्या लेन्सला धरतेच ती. मागच्या झाकणाचे स्क्रू चरे पडलेले, म्हणजे आधी कुणीतरी खोललेला.

"बाई, हे सगळं बघायला दहा मिनिटं लागतात," ते म्हणाले, आणि मला करूनच दाखवलं. लेन्सचं टोपण लावून आयएसओ ६४०० वर, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता वाढवून, एक फोटो. काळ्यावर ठिपके, रेघा लगेच उठतात. एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं तोंड बारीक करून, कोऱ्या कागदाचा एक फोटो. सेन्सरवरची धूळ, डाग दिसतात. हे फोटो कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर नाही बघायचे, स्वतःचं कार्ड घालायचं आणि लॅपटॉपवर उघडायचे. जो विकणारा स्वतःचं कार्ड घालू देत नाही, त्याचा चहासुद्धा घेऊ नका, हे वर. आमच्याकडून त्यांनी तपासणीचे पैसे घेतले नाहीत. मला ते जास्त लागलं.

गाळ्यावर गेलो तर गृहस्थ अजिबात बावरला नाही. "मॅडम, माल तुम्ही बघून घेतलाय. वापरलेल्याला गॅरंटी नसते." आणि भाच्याकडे वळून, "तुम्ही तर धंद्यातले, तुम्हाला काय सांगायचं."

पक्कं बिल असतं तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले असते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, १९१५ या हेल्पलाइनवर आधी विचारताही येतं. पण माझ्या हातात वहीचं पान आणि भलत्याच माणसाच्या नावावर गेलेले ५० हजार. तो धंदा करतो हे सिद्ध करायलाच वर्ष गेलं असतं. मी पोलिसांत अर्ज दिला. यूपीआयची नोंद, त्यानं पाठवलेले "फक्त ४३१२ क्लिक" असे संदेश आणि दुरुस्तीवाल्यांनी लिहून दिलेला कागद जोडला. तिथून फोन गेल्यावर तडजोडीला आला. ३० हजार परत मिळाले. जास्त ताणलं असतं तर कदाचित जास्त मिळाले असते. पण दहावीचे पेपर तपासायला आले होते आणि माझ्यात तेवढा दम नव्हता.

पक्ष्यांना पुन्हा जुना २००डी लावलाय. फाइव्ह-डी विकायचा ठरवला, भाचा म्हणाला, सगळं लिहूनच विक. जाहिरातीत मी लिहिलं: सेन्सरवर रेघ आहे, शटर १ लाख ८१ हजार चाललंय, लेन्समध्ये बुरशी आहे, खोकं दुसऱ्याच कॅमेऱ्याचं आहे. आठ दिवसांनी ओझरहून एका मुलाचा फोन आला. जाहिरात वाचलीस ना, म्हटलं, तर हो म्हणाला.

"पण काकू, फुल फ्रेममध्ये सगळ्यात बेस्ट हाच ना?"

मी त्याला विचारलं, "तू फोटो कशाचे काढतोस?" पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.