मंदीत घर घ्यायचंय? अंडर-कन्स्ट्रक्शन, रेडी, रिसेल की अजून दोन वर्षं भाड्याने: पुण्याचा हिशोब

मार्केट पडलंय, आता घ्यावं का, असं जो तो विचारतो. पण घ्यायचं काय आणि कुणाकडून, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तरच नाहीये. मंदीत सगळी घरं सारखी स्वस्त होत नाहीत. काही विकणाऱ्यांना घाई असते, काहींना अजिबात नसते, आणि खरी सूट घाई असलेल्याकडेच मिळते. त्यामुळे माझा चष्मा हा, की रेटच्या आधी समोरच्याची घाई बघा. खालची सगळी तुलना त्याच हिशोबाने केलीय.

आधी "पडलंय" म्हणजे काय ते बघू. अमेरिकेत २००८ ला बँकांनी घरं जप्त करून मिळेल त्या भावात काढली, तसं पुण्या-मुंबईत सहसा होत नाही. आपल्याकडे २०१३-१४ ते २०२० जे चाललं ती आपली मंदी. रेट कार्डवरचा आकडा जवळपास तिथल्या तिथे, पण वर्षानुवर्षं हललाच नाही, पगार आणि महागाई पुढे निघून गेली, म्हणजे भाव पडला पण दिसला नाही. त्यात नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी, मे २०१७ ला महारेरा (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण), जुलैत जीएसटी, आणि सप्टेंबर २०१८ ला आयएल अँड एफएस या बड्या फायनान्स कंपनीने पैसे थकवल्यावर एनबीएफसींनी, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज कंपन्यांनी, बिल्डरांना कर्ज देताना हात आखडला. ज्यांचं काम त्या पैशावर चालायचं त्यांच्या साइट थंड पडल्या. शेवटी नोव्हेंबर २०१९ ला केंद्र सरकारला अडकलेल्या प्रोजेक्टसाठी २५ हजार कोटींचा स्वामीह फंड जाहीर करावा लागला. तेव्हा मंदीतली भीती दोन प्रकारची असते, एक म्हणजे आपण घेतल्यावर भाव अजून उतरेल ही, आणि दुसरी म्हणजे घर हातातच येणार नाही ही. पहिलीने पोटात गोळा येतो, दुसरीने माणूस आठ-दहा वर्षं मागे जातो.

उदाहरणाला एकच आकडा धरू, ८० लाखांचा टूबीएचके, वाकड-पुनावळे-रावेत पट्टा समजा, किंवा तिकडे वाघोली-उंड्री.

अंडर-कन्स्ट्रक्शन

८० लाखांवर ५ टक्के जीएसटी म्हणजे ४ लाख, पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार. झाले ९० लाख, अजून मेंटेनन्स डिपॉझिट वगैरे धरलंच नाही. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे, म्हणजे ८० हजार वाचतात, ते घरात आधीच बोलून ठेवा. ४५ लाखांच्या आतलं आणि कार्पेट एरियाच्या मर्यादेत बसणारं घर असेल तर जीएसटी १ टक्का, पण त्या भावात या पट्ट्यात टूबीएचके शोधून दाखवा.

आता घाई. बिल्डरला पैशाची निकड असते पण तो रेट उघडपणे कमी करत नाही, कारण वर्षभरापूर्वी जास्त रेटने बुक केलेले शंभर लोक सेल्स ऑफिसात येऊन बसतील, आणि त्याला कर्ज देणारी बँकही विचारेल की बाबा तुझ्या मालाची किंमत उतरली का. म्हणून मग मॉड्युलर किचन फ्री, एसी फ्री, पार्किंग फ्री, सोन्याचं नाणं, काहीही देतील पण रेट तोच. हे सगळं नको म्हणा आणि अ‍ॅग्रीमेंट व्हॅल्यू कमी करून मागा. ५ लाख अ‍ॅग्रीमेंटमधून कमी झाले की त्यावरचे १२ टक्के, म्हणजे अजून ६० हजार, जीएसटी आणि स्टॅम्प ड्युटीतून वाचतात. किचनमधून काय वाचतं.

आणि सेल्सवाला "शेवटचा रेट" म्हणतो तेव्हा आयजीआर महाराष्ट्रच्या, म्हणजे नोंदणी खात्याच्या, साइटवर ई-सर्च करून बघा. त्याच बिल्डिंगचे आधी रजिस्टर झालेले इंडेक्स टू, म्हणजे व्यवहाराचे उतारे, दिसतात, फुकट, फक्त साइट रडतखडत चालते. कुणी खरंच किती दिले ते कळलं की बोलणीचा सूरच बदलतो.

"पझेशनपर्यंत ईएमआय नाही" या स्कीमबद्दल माझं मत वाईट आहे. कर्ज तुमच्या नावावर, पैसे बिल्डरकडे, व्याज तो भरणार असं त्याचं म्हणणं. त्याने मधेच भरणं थांबवलं तर बँक तुमच्या दारात येते आणि सिबिल तुमचा जातो. नॅशनल हाउसिंग बँकेने जुलै २०१९ ला हाउसिंग फायनान्स कंपन्यांना असली कर्जं देणं टाळा म्हणून सांगितलं होतं, ते उगीच नाही. मंदीत ही स्कीम जोरात दिसली की मी समजतो की या माणसाला बँकेकडून सरळ पैसे मिळत नाहीयेत.

रेरा कायद्याने खूप फरक पडला हे खरं. गिऱ्हाइकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंटशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, कार्पेटवरच विकावं लागतं, उशीर झाला तर व्याज मागता येतं. पण व्याजाची ऑर्डर मिळणं वेगळं आणि पैसे खात्यात येणं वेगळं. ऑर्डर झाली, बिल्डरने दिले नाहीत, की वसुली वॉरंट कलेक्टर ऑफिसला जातं आणि मग वाट बघा. तोवर इकडे भाडं चालू, तिकडे प्री-ईएमआय, म्हणजे पझेशनआधीचं नुसतं व्याज, चालू. घ्यायचंच असेल तर सगळे स्लॅब टाकून झालेली बिल्डिंग घ्या, त्याच बिल्डरच्या शेजारच्या टॉवरमध्ये माणसं राहायला आलेली असावीत, आणि महारेराच्या साइटवर पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकललीय आणि प्रोजेक्ट कुणाकडे गहाण आहे ते बघून घ्या.

बिल्डरकडचा रेडी फ्लॅट

हा मला मंदीतला सगळ्यात सरळ सौदा वाटतो. ऑक्युपन्सी, म्हणजे राहायला जायची परवानगी, आलेली असेल तर जीएसटी शून्य, म्हणजे ८० चा फ्लॅट ८६ च्या आत पडतो. रेडीचा रेट थोडा चढा सांगतात म्हणून लोक मागे सरतात, पण अंडर-कन्स्ट्रक्शनच्या किमतीत जीएसटी आणि दोन-तीन वर्षांचं भाडं मिळवा, मग सांगा महाग कोण.

इथे बिल्डरची घाई खरी असते. विकला न गेलेला रेडी फ्लॅट त्याला रोज खातो, कर्जाचं व्याज आहे, मेंटेनन्स आहे, आणि कम्प्लिशन, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला, मिळालं ते आर्थिक वर्ष संपून दोन वर्षं उलटली की न विकलेल्या फ्लॅटवर न मिळालेलं भाडं मिळालं असं धरून इन्कम टॅक्स लागतो. कम्प्लिशन कधी मिळालं ती तारीख विचारा, दोन वर्षं होत आली असतील तर खुर्चीत जरा ऐसपैस बसा. मार्चच्या शेवटी अजून ऐसपैस.

फक्त उरलेला माल का उरला हे बघा. दुसरा मजला आणि खाली ट्रान्सफॉर्मर, पश्चिमेची बेडरूम, खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. यातलं काय चालवून घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, माझ्या मते खालचा मजला चालतो, भिंत नाही. आणि सेल्सवाला "सीसी आलंय" म्हणाला तर कागद हातात घेऊन वाचा, ते कमेन्समेंट म्हणजे काम सुरू करायची परवानगी असू शकते. आपल्याला ऑक्युपन्सी हवी. पाणी विचारायला एप्रिल-मेमध्ये जा आणि सेल्स ऑफिसात न विचारता वॉचमनला विचारा की दिवसाला टँकर किती येतात.

रिसेल

सगळ्यात जास्त सूट इथे आणि सगळ्यात जास्त डोकेदुखीही इथेच. बिल्डर एक संस्था असते, इथे समोर एक माणूस असतो आणि त्याची घाई त्याच्या आयुष्यातली असते. हिंजवडीच्या तेजीत तीन फ्लॅट घेतलेला इन्व्हेस्टर ज्याला आता तीन ईएमआय झेपत नाहीत, मोठं घर बुक केलेला ज्याला जुनं विकून पुढचा हप्ता भरायचाय, बाहेर देशात राहणारा ज्याला पुण्यातला भाडेकरू सांभाळायचा कंटाळा आलाय, भावाभावांची वाटणी. यांना रेट कार्ड नाही, आधीचे शंभर बुकिंगवाले नाहीत, एका फोनवर ८० चे ७४ होऊ शकतात. वर सोसायटी कशी आहे, पाणी कसं येतं, लिफ्ट किती वेळा बंद पडते, हे डोळ्यांनी दिसतं.

आता एक गोष्ट जी मंदीतच चावते आणि बहुतेकांना सही करायच्या दिवशी कळते. रेडी रेकनर, म्हणजे स्टॅम्प ड्युटीसाठी सरकारने ठरवलेले जागेचे दर. हे सरकारी दर बाजाराबरोबर खाली येतीलच असं नाही. समजा सौदा ७४ लाखांना ठरला आणि रेडी रेकनरने किंमत येते ८५. स्टॅम्प ड्युटी ८५ वर भरायची, ते एक ठीक आहे, ७०-८० हजारांचा फरक. पण फरक सौद्याच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर तो अख्खा फरक, इथे ११ लाख, घेणाऱ्याचं उत्पन्न धरला जातो. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सव्वातीन लाखांच्या वर टॅक्स, आणि विकणाऱ्यालाही त्याच्या कॅपिटल गेनमध्ये ८५ च धरावे लागतात. म्हणजे इतकी घासाघीस करून मिळवलेली सूट निम्म्याने सरकारजमा होऊ शकते. भाव बोलायच्या आधी रेकनर काढा आणि त्याच्या खाली किती जाता येतं ते ठरवा. या उदाहरणात साडेसत्त्याहत्तरच्या आसपास थांबलात तर सुटलात, त्याखाली जायचं तर आधी सीए.

बाकी कागद नेहमीचेच, मूळ अ‍ॅग्रीमेंटपासूनची सगळी साखळी, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं नो ड्यूज, जुनं कर्ज असेल तर त्या बँकेचं फोरक्लोजर लेटर (किती भरले की कर्ज संपेल ते सांगणारं). सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम महाराष्ट्रात जास्तीत जास्त २५ हजार आहे, "डोनेशन" म्हणून लाख मागितले तर हसून नियम दाखवायचा. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस घेणाऱ्याने कापून भरायचा, आणि विकणारा एनआरआय असेल तर हा १ टक्क्याचा नियम चालत नाही, बराच जास्त कापावा लागतो, नाही कापला तर इन्कम टॅक्सवाले तुम्हाला धरतात. "थोडे कॅशमध्ये द्या" म्हणाला तर उठा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा वर रोख घेतले तर तेवढाच दंड आहे, त्याला, पण कॅशला बँक कर्ज देत नाही आणि पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हा ती खरेदी किमतीत दिसत नाही, म्हणजे फटका तुम्हालाच.

दोन वर्षं भाड्याने

८० लाखांच्या घरावर बँक साधारण ८० टक्के देते, म्हणजे कर्ज ६४ लाख, आणि स्टॅम्प ड्युटी धरून खिशातून २२ लाख. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा ईएमआय साडेपंचावन्न हजार. तेच घर भाड्याने समजा २५ हजार. पहिल्या वर्षी नुसतं व्याज ५ लाख ४० हजारांच्या जवळ जातं आणि भाडं ३ लाख. म्हणजे भाव जागेवर बसलेले असतील तोवर भाडेकरू दर वर्षी दोन-अडीच लाखांनी पुढे, शिवाय त्याचे २२ लाख एफडीत. "भाडं म्हणजे पैसे पाण्यात" म्हणणाऱ्या काकांना व्याज कुठे जातं ते विचारा, अर्थात आदराने. व्याजावरची २ लाखांची वजावट सांगतील, ती स्वतः राहायच्या घराला जुन्या टॅक्स रिजीमलाच आहे.

पण थांबण्यात फायदा कधी येईल हे आधी कळत नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारने अचानक स्टॅम्प ड्युटी डिसेंबरपर्यंत ३ टक्क्यांनी आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांनी कमी केली, त्याच काळात रेपो (रिझर्व्ह बँकेचा दर, ज्यावर कर्जाचं व्याज हलतं) ४ टक्क्यांवर होता आणि कर्ज सातच्या आत मिळत होतं. ज्यांचं डाउन पेमेंट तयार होतं त्यांनीच तेव्हा साधलं, बाकीचे जमवाजमव करेपर्यंत मार्च संपला. आणि साधलेल्यांनाही पुढे फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ६.५ वर गेलेला बघावा लागला, फ्लोटिंग आहे बाबा. २० वर्षांच्या ५० लाखांच्या कर्जाला ७ टक्क्यांनी ३८,७६५ चा हप्ता ९ टक्क्यांनी ४४,९८६ होतो, तेव्हा हप्ता बसवताना दोन टक्के वर धरून बसवा.

माझं विचाराल तर

नोकरी आयटीत आणि बेंचवर (प्रोजेक्टशिवाय बसलेले) लोक वाढतायत असं ऑफिसात दिसत असेल तर भाड्याने राहा, सूट कितीही गोड असो. तुम्ही घाईत विकणारे झालात तर वरचा सगळा रिसेलचा भाग तुमच्यावर उलटा लागू होतो. नोकरी घट्ट, मुलांची शाळा ठरलेली, सात-आठ वर्षं हलायचं नाही, तर आधी त्याच शाळेच्या आसपासच्या सोसायट्यांत रिसेल बघा, मग रेडी, आणि अंडर-कन्स्ट्रक्शन शेवटी. वेळ नसेल आणि कागदांची धास्ती असेल तर रिसेल सोडून सरळ रेडी. इन्व्हेस्टमेंट म्हणून घेत असाल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, मंदीत पुण्यात भाडं तीन-साडेतीन टक्के सुटतं त्याला इन्व्हेस्टमेंट म्हणायचं का हे तुम्हीच बघा.

आणि बोलणीला जायच्या आधी बँकेचं सँक्शन लेटर खिशात असू द्या. रिसेलवाल्याला "४५ दिवसांत पूर्ण पैसे" हे वाक्य दोन लाख जास्तीच्या ऑफरपेक्षा बरं वाटतं, कारण जास्त बोलणारे आधी दोन येऊन गेलेले असतात आणि त्यांचं लोन झालेलं नसतं. टोकन द्यायचं तर चेकने किंवा ट्रान्सफरने, लेखी पावतीवर, आणि लोन नामंजूर झालं किंवा कागदात दोष निघाला तर टोकन परत, ही ओळ त्यात लिहून घ्या.