राणीची बाग की बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान?

आजी-आजोबा आठवडाभरासाठी मुंबईत आलेले, घरात शाळेतली आणि अजून कडेवर बसणारी अशी दोन नातवंडे, आणि मोठी भटकंती एकच झेपणारी. अशा वेळी भायखळ्याची राणीची बाग (प्राणिसंग्रहालय) आणि बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या दोन जागांपैकी कोणती निवडावी, असा प्रश्न एका स्नेह्यांनी विचारला.

पहिला निकष चालण्याचा. राणीच्या बागेतील वाटा बहुतेक सपाट आणि झाडांच्या सावलीतल्या आहेत, शिवाय पेंग्विनचा कक्ष वातानुकूलित असल्यामुळे उन्हात कंटाळलेली मुले आणि थकलेले आजोबा दोघांनाही तिथे जरा हायसे वाटते. बोरिवलीला मात्र प्रवेशद्वारापासून कान्हेरीची प्राचीन बौद्ध लेणी सुमारे सहा किलोमीटर आत आहेत. बसने वर पोहोचले तरी कातळात खोदलेल्या पायऱ्या चढाव्याच लागतात, आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील चैत्यगृहाच्या (प्रार्थनेच्या दालनाच्या) पुढे नेण्याचा आग्रह धरू नये.

खर्चात राणीची बाग स्वस्त पडते. बोरिवलीला उद्यान, वाहन, सफारी आणि लेणी यांचे पैसे वेगवेगळे मोजावे लागतात. राणीची बाग बुधवारी बंद असते, राष्ट्रीय उद्यान सोमवारी. रविवारची गर्दी दोन्हीकडे सारखीच.

दुपारच्या झोपेपूर्वी मुलांना घरी आणायचे असेल किंवा आजोबांच्या हातात काठी असेल, तर भायखळा गाठावे. आजी-आजोबा रोज फिरायला जाणारे असतील, मुले पाच-सहा वर्षांपुढची असतील आणि सकाळी लवकर निघण्याची सर्वांची तयारी असेल, तर बोरिवलीच निवडावे.