इंटरकूलरमधलं पाणी: होज काढून ओतायचं, की खाली प्लग बसवून घ्यायचा?

पावसाळ्यात लोड घेऊन घाट चढणाऱ्या गाडीच्या इंटरकूलरमध्ये, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीत, पाणी साठतं, हे ज्यांनी स्वतः पाहिलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. ते काढायचे मार्ग मुख्यतः दोन. खालचा होज, म्हणजे हवेचा रबरी पाइप, काढून ओतून टाकायचं, किंवा जाळीच्या टोकाच्या टाकीला (हवेच्या पेटीला) खाली प्लग बसवून कायमची वाट करून द्यायची. मी तीन पावसाळे पहिला मार्ग धरला, आता दुसऱ्यावर आहे. गाडी दहा टायरी, सहा सिलिंडर, बी एस ४ (धुराच्या नियमांचा जुना टप्पा). रस्ता रत्नागिरी-कोल्हापूर, आंबा घाटातून. खाली येताना सिमेंट नाहीतर पशुखाद्य, वर जाताना मिळेल तो माल.

काहीही करण्याआधी एअर फिल्टर उघडून बघा. कागद ओला असेल तर पाणी बाहेरून येतंय. हवा ओढणारा पाइप कुठेतरी फुटलाय किंवा सांध्यात सैल झालाय, आणि ते दुरुस्त केल्याशिवाय बाकी सगळं फुकट. फिल्टर कोरडा आणि टाकीत पाणी, तर मात्र ते हवेतलंच.

हवेत एवढं पाणी कुठून, असं मलाही वाटायचं. पण हिशोब सोपा आहे. जुलैतली आपल्याकडची हवा धरा, २६ अंश आणि ९० टक्के दमट. अशा एका घनमीटर हवेत साधारण २२ ग्रॅम वाफ असते. चढाला टर्बो तशी अडीच घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबतो, म्हणजे वाफ झाली ५५ ग्रॅम. टर्बोतून निघताना हवा सव्वाशे-दीडशे अंशांवर असते, तोवर काही होत नाही. इंटरकूलरमध्ये ती ४० अंशांवर आली की एका घनमीटरात ५१ ग्रॅमच मावतात. उरलेल्याचं पाणी होतं. त्यात बाहेरून पावसाचा मारा असेल तर जाळी आणखी गार पडते आणि पाणी आणखी वाढतं. हीच गाडी एप्रिलमध्ये सोलापूरला पाठवली तर टाकी कोरडी असते.

थोड्या पाण्याला घाबरू नका, डिझेल इंजिन ते वाफ करून बाहेर टाकतं. त्रास होतो तो साठलेल्या पाण्याचा. गाडी सावकाश चालली की पाणी खालच्या कोपऱ्यात बसून राहतं, आणि पुढच्या चढाला ॲक्सिलरेटर दाबला की सगळं एकदम इंजिनात जातं. गाडी आचका देते, पांढरा धूर सोडते, मग पुन्हा नीट. शिवाय इंजिनातली वाफ सोडणाऱ्या ब्रीदरमधून येणारं तेल त्या पाण्यात मिसळून दुधाळ, चिकट राड होते आणि ती बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, मोजणाऱ्या सेन्सरवर बसते. एका मोसमात मला तो सेन्सर दोनदा साफ करावा लागला. दोन्ही वेळा पिकअप गेला म्हणून आधी डिझेल फिल्टर बदलून झाला होता.

होज काढायच्या पद्धतीत खर्च नाही. इंटरकूलरला हात लागत नाही, त्यामुळे वॉरंटीचा वाद नाही. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे आतलं डोळ्यांनी दिसतं. तेल नुसतं ओशट आहे की चमचाभर निघतंय, होजचा आतला थर फुगलाय का, हे कळतं. चमच्यापेक्षा जास्त तेल निघालं तर पाणी विसरा आणि टर्बोचं सील आणि ब्रीदर बघा. हे प्लगमधून इतकं स्पष्ट कळत नाही, हे मान्य करतो.

पण तो क्लॅम्प! माझ्या गाडीत खालचा होज बंपरच्या मागे आहे. गोणपाट टाकून चिखलात उताणं झोपायचं, वरून पाणी मानेत ठिबकतंय, आणि पाना एका वेळी जेमतेम पाव फेरा फिरतोय. तेही चाललं असतं. चाललं नाही ते पुढचं. पाणी ओतून झालं की पाइपाच्या तोंडावर तेलाचा पातळ थर राहतो. तो कोरड्या फडक्यानं, मग पेट्रोलच्या फडक्यानं अगदी खडखडीत पुसावा लागतो. भर पावसात, गाडीखाली, एका हातानं ते नीट होत नाही. होज चढतो, क्लॅम्प आवळला जातो, हलवून बघितलं तरी पक्का वाटतो. पण ओशट पाइपावरचा होज बूस्टच्या जोरापुढे टिकत नाही.

तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये आंबा घाटात अर्ध्यावर तो निसटला. फाटकन आवाज झाला, गाडीचा दम गेला आणि मागे काळ्या धुराचा लोट. धुक्यात चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं आणि बाजूला घ्यायला जागा नव्हती. क्लीनर मागे बॅटरी हलवत उभा राहिला, मी चाकांना दगड लावून खाली शिरलो. होज मीच बसवला होता, दोन दिवस आधी. त्या दीड तासात मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या आवाजाला छातीत धस्स व्हायचं. पाण्यानं गाडीनं एखादा आचका दिला असता, एवढंच. पाणी काढण्याच्या खटाटोपानं मात्र मला चढावर, वळणात उभं केलं. माझा कौल तिथेच फिरला.

प्लगची कल्पना माझ्या मामेभावाची. तो मालवाहू जहाजावर इंजिन रूममध्ये आहे. गणपतीला घरी आला होता, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, तुमच्या कूलरला ड्रेनच नाही?" मोठ्या जहाजांच्या इंजिनांत एअर कूलरच्या पुढे पाण्याचे थेंब अडवणाऱ्या पट्ट्या असतात आणि खाली ड्रेन असतो. उष्ण, दमट समुद्रात तिथून दिवसाला कित्येक टन पाणी निघतं. तो ड्रेन वाहतोय ना, हे बघणं त्याच्या रोजच्या ड्युटीतलं काम. काही ट्रकांच्याही इंटरकूलरला कारखान्यातूनच खाली प्लग किंवा बारीक भोक असतं. माझ्या गाडीला नव्हतं.

दिवाळीनंतर कोल्हापुरात उद्यमनगरात काम करून घेतलं. इंटरकूलर पूर्ण उतरवायचाच, यात तडजोड नको. गाडीवरच ड्रिल मारून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना नको म्हणा. ॲल्युमिनियमचा कीस आत राहिला तर तो थेट सिलिंडरमध्ये जातो. टाकीच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, आणि तीही इंजिनकडे जाणाऱ्या गार बाजूच्या टाकीत, आटे पाडलेला तुकडा आर्गन वेल्डिंगनं बसवला, आत धुऊन हवा मारली आणि पितळी प्लग लावला. टाकी प्लास्टिकची असेल तर हा उद्योग करू नका, तिथे होजच बरा. प्लगऐवजी कॉक लावावा असंही सुचवलं गेलं, पण दगड लागून किंवा थरथरीनं तो उघडला तर पुन्हा तेच दुखणं.

नुसतं दीड मिलिमीटरचं भोक पाडून ते कायम उघडं ठेवणारेही आहेत. चुलतभावाच्या गाडीला तसंच आहे आणि तो खूश आहे. मला ते तितकंसं पटलं नाही. भोकातून तेलकट पाणी ठिबकतं, त्यावर माती बसते, महिन्याभरात भोक बुजतं आणि मग तार घेऊन खाली जावंच लागतं. बी एस ६, म्हणजे नव्या टप्प्याच्या, गाडीत तर इंजिन आत येणाऱ्या हवेचा बारीक हिशोब ठेवतं. तिथे अशी गळती ठेवून चेक लाइट ओढवून घेऊ नये असं मला वाटतं.

आता जुलैत साखरप्याला गाडी थांबली, इंजिन बंद केलं की टायर तपासतानाच प्लग उघडतो. झोपावं लागत नाही, बंपरखाली हात जातो. जोराच्या पावसात एका फेरीला अर्धा कप पाणी निघतं, सप्टेंबरात चमचा-दोन चमचे. दोन पावसाळे झाले, आचका नाही, सेन्सर एकदाही काढला नाही. होज वर्षातून एकदाच काढतो, मे महिन्यात, कोरड्या फरशीवर, नवे क्लॅम्प घालून. तेव्हा आतलंही बघून होतं.

गाडी नवी असेल, वॉरंटीत असेल किंवा वर्षभर देशावरच धावत असेल तर मी तुम्हाला वेल्डिंगच्या भानगडीत पाडणार नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत एक-दोनदा होज काढला तरी पुरेल, फक्त ते काम शेडमध्ये करा. आठवड्याला दोन-तीनदा घाट चढत असाल तर मात्र प्लगचा विचार जरूर करा. आणि तो करून घेताना एकाऐवजी दोन प्लग घ्या. मलकापूरला रात्री माझा प्लग हातातून सुटून चिखलात गेला होता, तो शोधायला क्लीनरला आणि मला पाऊण तास लागला. तेव्हापासून दुसरा प्लग आणि टेफलॉन टेपचं रीळ कॅबिनमध्येच असतं.