पाचूचं पेंडंट, नीलमची अंगठी, हिऱ्याचे टॉप्स: जवळपास वर्षभर वापरल्यानंतर

आजीची जुनी अंगठी होती. मधोमध पाचू, दोन्ही बाजूंना बारीक हिरे. ती मला रोज बोटात घालायची होती. त्या एका कामातून तीन दागिने झाले: पाचूचं पेंडंट, रोजच्या वापराची नीलमची अंगठी, आणि काही दिवसांनी घेतलेले हिऱ्याचे टॉप्स. तिन्ही वापरून वर्ष होत आलंय. पेटीतून काढल्या दिवशी कुठलाही दागिना चकाकतोच. घाम, साबण, धूळ आणि दारा-कड्यांचे ठोकर सोसून झाल्यावर त्याच्याबद्दल काही बोलता येतं, म्हणून इतके दिवस थांबले.

दागिन्यांच्या आधी सल्ल्याबद्दल लिहिते, कारण या सगळ्यात सर्वांत मोलाचा तोच ठरला. बहुतेक ठिकाणी अंगठी दाखवली की समोर डिझाइनं यायची. ज्यांच्याकडे शेवटी काम दिलं त्या कारागिरांनी आधी अंगठी दहापटीच्या भिंगाखाली धरली, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग प्रश्न विचारले. कुठल्या हातात घालणार? झोपताना काढता का? भांडी घासताना, व्यायाम करताना? पोहायला जाता का? अंगठी कशी हवी हे त्यांनी सगळ्यात शेवटी विचारलं. दागिन्याचा सल्ला घ्यायला जाल तेव्हा समोरचा माणूस आधी काय विचारतो याकडे लक्ष द्या. तुम्ही तो कसा वापरणार हे माहीत नसेल तर तो तुम्हाला फक्त आवडीनिवडी सांगू शकतो.

माझी उत्तरं ऐकून ते म्हणाले, "ताई, हा पाचू रोजच्या अंगठीत घालू नका. गळ्यात घाला." मला वाईट वाटलं, पण कारण पटलं. मोहस् श्रेणीवर (खड्याला चरा किती सहज पडतो याचं एक ते दहाचं माप) पाचूचा कठीणपणा साडेसात ते आठ, म्हणजे चरे पडण्याची भीती फारशी नाही. अडचण चिवटपणाची आहे. पाचूत नैसर्गिक भेगा आणि आत अडकलेले कण जवळजवळ असतातच, आणि त्या कमी दिसाव्यात म्हणून त्यात तेल किंवा राळ भरण्याची पद्धत फार जुनी आहे. असा खडा ओट्याच्या कडेवर एकदा जोरात आपटला तर भेगेवरून फुटू शकतो. उष्णतेनं तेल निघून जातं आणि लपलेल्या रेषा वर येतात. अल्ट्रासॉनिक यंत्रात किंवा वाफेवर तो साफ करायचा नाही. गळ्यात मात्र ठोकर जवळपास लागतच नाही.

भिंगाखाली आणखी दोन गोष्टी दिसल्या. खडा धरणाऱ्या नख्यांची टोकं झिजून सपाट झाली होती, आणि एका नखीखाली पाचूची कड किंचित उडालेली होती. ही कड त्यांनी मला तिथेच भिंगातून दाखवली, फोटो काढला आणि पावतीवर लिहिली. खडा काढल्यावर त्याची लांबी, रुंदी, जाडी मिलिमीटरमध्ये आणि वजन कॅरेटमध्ये (एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम) माझ्यासमोर नोंदवलं. बाजूचे हिरे मोजून, मापून लिहिले. ही नोंद मिळत नसेल तर दुरुस्तीला दागिना सोडू नये असं माझं ठाम मत आहे. त्यात अविश्वास नाही. आधी काय होतं हे दोघांनाही नेमकं माहीत असलं की पुढचा सगळा व्यवहार मोकळेपणानं होतो.

जुन्या अंगठीचं सोनं वितळवून नवी अंगठी करायची, अशी माझी इच्छा होती. त्यावरही त्यांनी थांबवलं. कडीच्या आत ७५० चा शिक्का होता, म्हणजे हजारात ७५० भाग सोनं, १८ कॅरेट (हा कॅरेट वजनाचा नाही, सोन्याच्या शुद्धतेचा). पण गेल्या कित्येक वर्षांत तिला तीन-चार ठिकाणी डाख, म्हणजे सांधायला वितळवून लावलेला धातू, लागलेला दिसत होता. डाखाची मिश्रधातू वेगळी असते, ती कमी तापमानाला वितळते. तो सगळा माल तसाच मुशीत टाकून ओतला तर नव्या धातूत बारीक छिद्रं राहू शकतात, तो ठिसूळ होऊ शकतो आणि कसही बदलतो. एक तर ते सोनं शुद्ध करून घ्यायचं, नाहीतर न वितळवता वापरायचं. आम्ही दुसरा मार्ग घेतला. कडीचा तळ झिजून पातळ झाला होता, पण खांद्याजवळचा भाग जाड आणि बिनडाखाचा होता. तेवढा कापून, वळवून त्याचीच पेंडंटची वरची कडी केली. आजीच्या बोटातला तो तुकडा जसाच्या तसा गळ्यात आहे. मूळ इच्छेपेक्षा मला हे जास्त आवडलं.

पेंडंटबद्दल बाकी सांगण्यासारखं थोडंच. पाचू पूर्ण कोंदणात आहे, म्हणजे कडेभोवती सगळीकडून धातूची पट्टी, मागून उघडा. ओल्या मऊ कापडानं पुसते, अत्तर मारून झाल्यावर घालते. खड्यात काहीही बदल नाही. एकच तक्रार: सुरुवातीच्या साखळीत ते सारखं उलटं व्हायचं, कारण खड्याच्या मानानं कडी खाली बसली होती. कडी थोडी वर घेऊन रुंद केल्यावर ते थांबलं.

आता नीलमची अंगठी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

नीलम निवडण्याचं कारण साधं. त्याचा कठीणपणा ९. रोजच्या धुळीत क्वार्ट्झचे बारीक कण असतात, त्यांचा ७. सातपेक्षा मऊ खडा नुसता पुसतानाही हळूहळू निस्तेज होत जातो. नीलमला तो त्रास नाही, आणि पाचूसारखा तो भेगाळलेलाही नसतो. खरेदी करताना बाजारातल्या नीलमांपैकी बहुतेक भट्टीत तापवलेले असतात हे कळलं. साधं तापवणं टिकाऊ असतं, त्याला घाबरायचं कारण नाही, फक्त विकणाऱ्यानं ते सांगितलं पाहिजे. काळजी घ्यायची ती काच भरलेल्या खड्यांची. भेगांमध्ये शिशाची काच भरलेली माणकं आणि नीलम स्वस्तात छान रंगाचे दिसतात, पण सोनाराच्या तेजाबानं आणि घरातल्या काही साध्या सफाईच्या द्रव्यांनीही ती काच खरवडली जाते. असा खडा दुरुस्तीला गेला की परत येताना वेगळाच दिसतो. म्हणून किमती खडा घेताना स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल हवा, आणि त्यावरची 'प्रक्रिया' ही ओळ सगळ्यात आधी वाचावी.

घडवण्याआधी संगणकावरचं चित्र दाखवलं. पडद्यावर सगळं प्रचंड मोठं दिसतं, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. त्यांनी रेझिनचा, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकचा, नमुना छापून दिला आणि दिवसभर बोटात घालून फिरायला सांगितलं. ऑर्डर देऊन दागिना घडवणाऱ्या प्रत्येकानं हा नमुना मागून घ्यावा. चित्रात सुंदर दिसणारी उंची खिशात हात घालताना, हातमोजे चढवताना, बाळाला उचलताना आडवी येते. माझ्या नमुन्याचा माथा आम्ही दीडेक मिलिमीटरनं खाली आणला. ओतकाम झाल्यावर हा बदल म्हणजे जवळजवळ नवी अंगठी.

खडा धरायला नख्या की कोंदण, यावर बराच खल झाला. नख्यांमध्ये खड्याला उजेड जास्त मिळतो, साफ करणं सोपं जातं, पण कडा उघड्या राहतात आणि नख्या झिजतात. कोंदणात कड पूर्ण झाकली जाते. आम्ही बुटकं कोंदण घेतलं आणि खालून ते उघडं ठेवलं, म्हणजे गडद नीलम काळपट दिसू नये. वर्षभराचा अनुभव: कड शाबूत आहे, कुठे काही अडकत नाही, लोकरीचा स्वेटर बिनधास्त घालते. मात्र खालच्या पोकळीत साबण आणि क्रीमचा थर साचतो, आणि मग नीलम एकदम मलूल दिसायला लागतो. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ दातांचा ब्रश, दोन मिनिटं. आठवड्यातून एकदा हे करावंच लागतं. ज्यांना तेवढाही व्याप नको त्यांनी कोंदण घेऊ नये.

धातू मी पांढरं सोनं घेतलं. पांढरं सोनं मुळात पूर्ण पांढरं नसतं. त्यावर रोडियम या पांढऱ्या धातूचा अगदी पातळ मुलामा असतो, आणि तो झिजतो. हे मला आधीच स्पष्ट सांगितलं होतं. निकेल घातलेल्या मिश्रणानं काहींच्या त्वचेला खाज येते, म्हणून पॅलेडियमचं मिश्रण सुचवलं. ते महाग पडतं, पण त्याचा स्वतःचा रंग करडसर-पांढरा असतो, त्यामुळे मुलामा गेला तरी पिवळेपणा डोकावत नाही. झालंही तसंच. तळव्याच्या बाजूचा मुलामा सहाएक महिन्यांत गेला. तिथे आता किंचित उबदार करडा रंग आहे, तो मला छान वाटतो, आणि पुन्हा मुलामा द्यायची घाई नाही. तरणतलावात जाताना मात्र न चुकता काढते. क्लोरीन सोन्यातल्या मिश्रधातूंवर हल्ला करतं, आणि जोडाजवळ किंवा नख्यांजवळ तडे जाऊ शकतात.

मापाबद्दल थोडं. बोट सकाळी आणि संध्याकाळी, थंडीत आणि उन्हात सारखं नसतं, शिवाय रुंद पट्टीला थोडं मोठं माप लागतं. आम्ही संध्याकाळचं माप धरलं. उन्हाळ्यात अंगठी नेमकी बसली, थंडीत खडा खाली फिरू लागला. मला वाटलं माप कमी करावं लागेल. त्यांनी कडीच्या आत तळाशी सोन्याचे दोन बारीक मणी लेझरनं जोडले. खडा काढावा लागला नाही, सांध्यावरून जाते, आणि फिरत नाही. पूर्ण गोलात खडे असलेली अंगठी घ्यायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा: तिचं माप नंतर बदलणं जवळपास अशक्य असतं.

टॉप्स सगळ्यात कमी विचारात घेतले, आणि तिथे सल्ला सगळ्यात थोडक्यात मिळाला: कानातल्याकडे कोणी भिंग लावून बघत नाही, रंग आणि स्वच्छतेच्या (हिऱ्यात आत डाग किती कमी) वरच्या श्रेणीसाठी पैसे मोजू नका, पैलू चांगले पाडलेले आणि जोडी जुळणारी घ्या. खरं आहे. वजनाच्या आकड्यालाही फसू नये. एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरचा, अर्ध्या कॅरेटचा पाचहून थोडा जास्त. वजन निम्मं, पण रुंदी निम्मी नाही. माझे हिरे प्रयोगशाळेत वाढवलेले आहेत. रासायनिकदृष्ट्या तो हिराच, साध्या हिरा-परीक्षक पेननं फरक कळत नाही, म्हणून पावतीवर आणि अहवालावर तसं लिहून घेतलं. पुढे विकून पैसे येतील या आशेनं ते घेऊ नयेत. मी वापरायला घेतले, आणि वापराच्या बाबतीत खोट काढायला जागा नाही.

सहा महिन्यांनी तिन्ही दागिने तपासणीला नेले होते. पाचूच्या बाजूचे जुने हिरे नीलमच्या अंगठीत नख्यांवर बसवलेत, त्यातली एक नखी किंचित उचललेली निघाली. हातात घालून कळलं नव्हतं, सुती धागा फिरवल्यावर तिथेच अडकला. लगेच दाबून दिली. तेव्हापासून साफ करून झालं की धागा फिरवते आणि अंगठी कानाशी धरून बोटानं हलकेच टिचकी मारते. खडखड आली तर खडा सैल. पुढच्या खेपेला टॉप्सच्या दांड्या दाखवायच्या आहेत, डाव्या फिरकीचे आटे पूर्वीसारखे घट्ट बसत नाहीत.